सगळ्यांचे चाचा : डेव्हिड अब्राहम चेऊलकर

१९५५ साली फिल्मफेअर पुरस्कारांत सहाय्यक अभिनेता आणि सहाय्यक अभिनेत्री असे दोन नवे विभाग सुरू झाले. नायक-नायिकेपलीकडे पडद्यावर जी माणसं वावरतात, त्यांच्या कामाचीही दखल घ्यायला हवी हे हिंदी चित्रसृष्टीने प्रथमच असं जाहीरपणे मान्य केलं. त्या पहिल्या वर्षीचे दोन्ही पुरस्कार मराठी घरांत गेले. ‘बादबान’साठी उषा किरण यांना आणि ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिड यांना.

उषा किरण मूळच्या उषा मराठे. त्यांना मराठी प्रेक्षकांनी कधी परकं मानलं नाही. डेव्हिड यांच्या वाट्याला मात्र ही ओळख फारशी आली नाही. श्रेयनामावलीत त्यांचं नाव नुसतं ‘डेव्हिड’ असं झळके आणि पडद्यावर ते बहुतेकदा कुणातरी ख्रिस्ती म्हाताऱ्याच्या भूमिकेत दिसत. त्यामुळे टक्कल पडलेला, बुटका, हसऱ्या चेहऱ्याचा हा नट गोव्याचा किंवा वांद्र्याचा असावा, अशी अनेकांची समजूत झाली. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. जन्म ठाण्याचा, २१ जून १९०९चा. आडनावातलं चेऊल म्हणजे अलिबागजवळचं चौल.

चौलचे चेऊलकर

चौल हे कोकण किनाऱ्यावरचं फार जुनं बंदर. त्याच्या आसपासच्या गावांत बेने इस्रायल हा ज्यू समाज शतकानुशतकं राहत आला. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि तिथेच स्थिरावले. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी शब्बाथ पाळायचा म्हणून त्या दिवशी घाणा बंद. त्यावरून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावात राहिले त्याच गावाची आडनावं त्यांनी घेतली : चेऊलकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. घरची भाषा मराठी, बायकांच्या अंगावर लुगडं, सणाला गोड पोह्यांचा मलिदा आणि धर्मकथा सांगायला चक्क मराठी कीर्तन.

अठराव्या शतकापासून या समाजातली माणसं कामाधंद्यासाठी मुंबईकडे आणि ठाण्याकडे सरकू लागली. १७९६मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. ठाण्यातलं सिनेगॉग १८७९चं. पलटणी, रेल्वे, शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणी नेकीने नोकरी करणारा, शिक्षणाला मान देणारा हा छोटा समाज होता. नाटक-सिनेमाशीही त्याचं नातं जुनं. १९३१च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचं मूळ नाटक ज्यांचं, ते जोसेफ डेव्हिड पेणकर हेही बेने इस्रायलच.

ही पार्श्वभूमी इथे विस्ताराने सांगायचं कारण डेव्हिड यांच्या अभिनयात आहे. जो समाज संख्येने मूठभर असतो, त्याला शेजाऱ्यांमध्ये मिसळून राहावं लागतं आणि तरीही स्वतःचं वेगळेपण जपावं लागतं. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी या सगळ्यांच्या घरी ज्याचं जाणं-येणं आहे, असा शेजारी डेव्हिड यांनी पडद्यावर चाळीस वर्षं उभा केला. त्यांच्या घडणीत कोकणातल्या आणि ठाण्यातल्या त्या शेजाराचा वाटा नक्कीच असणार, असं मला वाटतं.

पदवी हातात, काम नाही

मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन डेव्हिड बाहेर पडले ते जागतिक मंदीच्या ऐन काळात. सुशिक्षित तरुणांचे तांडे नोकरीसाठी वणवण फिरत होते. डेव्हिड यांनीही सुमारे सहा वर्षं खटपट केली. कायद्याचीही पदवी त्यांनी मिळवली. शेवटी चरित्र अभिनेते म्हणून नाव असलेल्या नायमपल्ली या मित्राच्या मदतीने १९३७च्या जानेवारीत त्यांचा सिनेमात शिरकाव झाला. चित्रपट होता मोहन भवनानी यांचा ‘झांबो’, टारझनच्या धर्तीवरचा जंगलपट.

त्या काळी शिकलेल्या माणसाने सिनेमात जाणं घरच्यांना रुचत नसे. पण बोलपट आल्यापासून या धंद्याला शिकलेल्या नटांची गरज भासू लागली होती. मूकपटात दणकट देह आणि चपळाई पुरत असे. आता लिहिलेलं वाचून, समजून, स्पष्ट उच्चारांत बोलणारा माणूस हवा होता. डेव्हिड यांच्याकडे देखणेपण नव्हतं, उंची नव्हती आणि केसही फार काळ टिकले नाहीत. मात्र आवाज खणखणीत, वाचन भरपूर आणि इंग्रजीवर उत्तम पकड. नायक होणं शक्यच नव्हतं. त्यामुळे नायक होण्याच्या धडपडीत त्यांची वर्षं वाया गेली नाहीत. त्यांनी सुरुवातीपासून चरित्र भूमिकांचीच वाट धरली.

१९४१च्या बॉम्बे टॉकीजच्या ‘नया संसार’मध्ये ते होते. वृत्तपत्राच्या जगावरची ही कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. पुढे अब्बास स्वतः दिग्दर्शक झाल्यावर त्यांच्या चित्रपटांतही डेव्हिड दिसत राहिले. मुंबईत डोक्यावर छप्पर नसलेल्या जोडप्याची गोष्ट सांगणाऱ्या आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या ‘शहर और सपना’मध्येही (१९६३) ते आहेत. गरिबांच्या बाजूने उभा राहणारा सिनेमा त्यांना जवळचा होता, हे त्यांच्या कामाच्या यादीवरून कळतं.

जॉनचाचा

त्यांचं नाव घरोघर पोचलं ते १९५४च्या ‘बूट पॉलिश’मुळे. निर्माते राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. भोला आणि बेलू ही आईबापाविना पोरकी भावंडं मुंबईच्या वस्तीत काकूच्या हाती पडतात. काकू त्यांना भीक मागायला पाठवते आणि मारझोड करते. त्याच वस्तीत राहणारा जॉनचाचा त्यांना सांगतो, हात पसरू नका, हातांनी काम करा. मुलं पैपैसा साठवून ब्रश आणि पॉलिशची डबी घेतात आणि बूट चकचकीत करण्याचा धंदा सुरू करतात.

आता हा उपदेश करणारा जॉनचाचा स्वतः कोण? चोरून दारू विकणारा. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती, म्हणजे कायद्याच्या नजरेत तो गुन्हेगार. या विरोधाभासामुळे ही भूमिका फसण्याची शक्यता होती. एखाद्या नटाने जॉनचाचाला संत केलं असतं, दुसऱ्याने त्याला दारुड्या विदूषक बनवलं असतं. डेव्हिड या दोन्ही टोकांपासून दूर राहिले. त्यांचा जॉनचाचा मुलांशी बोलताना उंच आसनावर बसत नाही. आपण हरलेलो आहोत हे त्याला ठाऊक आहे आणि या दोघांनी आपल्यासारखं हरू नये एवढीच त्याची तळमळ आहे. म्हणून त्याचं सांगणं उपदेश वाटत नाही. मुठीत काय आहे, असं मुलांना विचारणारं त्यातलं गाणं आजही बालदिनाला शाळाशाळांतून वाजतं. मोहम्मद रफी आणि आशा भोसले यांच्या आवाजातलं. पडद्यावर ते पाहताना डेव्हिड यांचे डोळे बघावेत. मुलं उत्तर देतात तेव्हा ते मनापासून ऐकत असतात. बेबी नाझ आणि रतनकुमार या दोन बालकलाकारांचं काम इतकं खुललं, त्यात समोरच्या या ऐकणाऱ्या नटाचा वाटा मोठा आहे. बेबी नाझच्या कामाची पुढे कान चित्रपट महोत्सवातही खास नोंद झाली.

आणि त्याच चित्रपटात त्यांच्या विनोदाचा अस्सल नमुना आहे. जॉनचाचा तुरुंगात जातो. तिथे त्याच्यासारखेच टकले कैदी जमतात आणि पावसाला आळवणी करतात, कारण डोक्यावरचं पीक सुकून चाललंय. मन्ना डे यांनी ते गाणं अडाणा रागात, भारदस्त शास्त्रीय ढंगाने गायलं आहे. राग गंभीर, मागणी हास्यास्पद. डेव्हिड यांनी यात तोंड वेडंवाकडं केलेलं नाही. ते एखाद्या मैफलीच्या गवयासारखे तल्लीन होतात. नट गंभीर राहिला की प्रेक्षक हसतो, हे विनोदी अभिनयाचं सूत्र त्यांना पक्कं अवगत होतं. या गाण्याची खरी ताकद मात्र कथेत आहे. तुरुंगात कैदी ज्या पावसाला बोलावतात, तोच पाऊस बाहेर त्या मुलांचा धंदा बुडवतो. चिखलाच्या दिवसांत बूट चमकवून घ्यायला कोण थांबणार? हसता हसता प्रेक्षकाच्या घशात आवंढा यावा, अशी ही जुळणी आहे.

जॉन, मोझेस, टॉम, रुस्तुम

या यशाचा एक परिणाम अटळ होता. डेव्हिड यांच्यावर शिक्का बसला. भला ख्रिस्ती किंवा पारशी म्हातारा हवा असेल तर डेव्हिड यांना बोलवा, असा जणू नियमच झाला. हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनुपमा’त (१९६६) ते मोझेस होते, ‘सत्यकाम’मध्ये (१९६९) रुस्तुम. बासू चटर्जींच्या ‘बातों बातों में’ (१९७९) या चित्रपटात ते टॉम अंकल झाले.

त्या काळच्या हिंदी सिनेमातल्या ख्रिस्ती पात्रांकडे पाहिलं तर एक कटू गोष्ट जाणवते. पुष्कळदा ती दारू पिणारी, मोडकं हिंदी बोलणारी आणि हसण्यासाठीच ठेवलेली असत. पारशी पात्रांचंही तेच. एका समाजाच्या बोलण्याची नक्कल केली की हशा ठरलेला. डेव्हिड यांना असाच हशा सहज मिळाला असता. पण त्यांची ही माणसं उच्चारांच्या गमतीवर उभी राहिली नाहीत. ती घरातली थोर माणसं होती, ज्यांच्याकडे अडचणीत सापडलेला तरुण हक्काने जातो.

‘बातों बातों में’ हा चित्रपट तर सगळाच मुंबईच्या ख्रिस्ती वस्तीत आणि चर्चगेटच्या लोकलमध्ये घडतो. नायक टोनी आणि नायिका नॅन्सी यांची ओळख टॉम अंकल करून देतात. लग्नाळू मुलीची चिंता वाहणारी आई पर्ल पदमसी यांनी मोठ्या जोमाने रंगवली आहे. ती जितकी बोलते तितके टॉम अंकल सावरून घेतात. एकाने हवा तापवायची आणि दुसऱ्याने ती निववायची, अशी ही जोडी आहे. निववण्याचं काम प्रेक्षकाच्या नजरेत भरत नाही, पण ते नसेल तर दृश्य कर्कश होतं.

कटातले वडीलधारे

डेव्हिड यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध मला सर्वांत समृद्ध वाटतो आणि तो हृषीकेश मुखर्जींच्या घरगुती विनोदी चित्रपटांचा आहे. या चित्रपटांत खलनायक नसतो. कुणातरी वडीलधाऱ्याचा हट्ट किंवा घमेंड असते आणि ती उतरवण्यासाठी बाकीचे मिळून एक निरुपद्रवी नाटक रचतात. अशा नाटकाला वडीलधाऱ्यांपैकीच एखादा सामील असावा लागतो. मुलांनी एकट्यांनी थोरांना फसवलं तर ते उद्धटपणाचं वाटेल. घरातलाच एक पिकला माणूस त्यांच्या बाजूने असेल तर प्रेक्षक निर्धास्तपणे हसू शकतो. हे काम मुखर्जींनी पुन्हा पुन्हा डेव्हिड यांच्याकडे सोपवलं.

‘चुपके चुपके’त (१९७५) ते नायिका सुलेखाचे भाऊ, हरिपद भैया. शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर धाडा, असा मुंबईच्या राघवेंद्र जिजाजींचा निरोप हरिपद यांच्याकडे येतो आणि तिथेच सगळ्या गमतीला तोंड फुटतं. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक असलेला सुलेखाचा नवरा प्यारेमोहन नावाचा ड्रायव्हर बनून जातो. राघवेंद्र म्हणजे ओम प्रकाश. त्यांचा सगळा अभिनय उतू जाणारा, भुवया, हात, आवाज सगळं एकदम चालू. त्यांच्यासमोर डेव्हिड जवळजवळ काहीच करत नाहीत. भोळा चेहरा करून ते प्रश्न ऐकून घेतात आणि अगदी क्षणभर उशिरा उत्तर देतात. हशा त्या उशिरात असतो.

‘गोल माल’मध्ये (१९७९) ते डॉ. केदार, रामप्रसादचे मामा. भवानीशंकर या शेठच्या विक्षिप्तपणाची माहिती भाच्याला तेच देतात : आजकालच्या तरुणांचा त्यांना राग, खेळ-सिनेमाचा शौक त्यांना खपत नाही. मामांच्या या सूचनांवर पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. अमोल पालेकर आणि उत्पल दत्त यांची जुगलबंदी सगळ्यांना आठवते. पण त्या जुगलबंदीसाठी लागणारी सगळी माहिती पहिल्या काही मिनिटांत, कंटाळवाणी न होता, प्रेक्षकांपर्यंत पोचवणं हे कठीण काम डेव्हिड यांनी केलं आहे. ‘खूबसूरत’मध्ये (१९८०) ते मंजूचे, म्हणजे रेखाचे वडील. तिथे दीना पाठक यांच्या शिस्तीच्या घरासमोर दुसरं घर उभं आहे, जिथे बाप मुलींशी मैत्रीने वागतो. मंजूचा खेळकरपणा उपजत नसून अशा बापाच्या हाताखाली फुललेला आहे, हे डेव्हिड यांना थोड्याच दृश्यांत पटवून द्यायचं होतं आणि ते त्यांनी दिलं.

याच दिग्दर्शकाच्या ‘अभिमान’मध्ये (१९७३) त्यांचं एक छोटं, अजिबात विनोदी नसलेलं काम आहे. सुबीर आणि उमा यांच्या लग्नाच्या समारंभात दोघं गातात. सगळे वाहवा करतात. डेव्हिड यांचे रायसाहेब मात्र ओळखतात की बायकोचा गळा नवऱ्यापेक्षा सरस आहे आणि नवऱ्याने वरचढ असावं अशी रीत असलेल्या समाजात हे लग्न अडचणीत येणार. पुढच्या दोन तासांची शोकांतिका त्या एका निरीक्षणात आहे. हे बोलणं भविष्यवाणीसारखं ठोकून सांगितलं असतं तर प्रसंग नाटकी झाला असता. डेव्हिड यांनी ते सौम्य काळजीने उच्चारलं. प्रेक्षकाला चाहूल लागते, उत्सवाचा रंग तसाच राहतो.

टकलाचं वरदान : इंग्लंडमधला एक समकालीन

चरित्र अभिनेत्याच्या कलेला देशाची सीमा नसते. इंग्लंडच्या सिनेमात अशा नटांची मोठी परंपरा आहे आणि त्यातले लायोनेल जेफ्रीज (१९२६–२०१०) डेव्हिड यांच्याशी ताडून पाहण्याजोगे आहेत. लंडनचे जेफ्रीज दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात सैनिक होते. रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या नाट्यशाळेत शिकून ते पडद्यावर आले. केस तरुणपणीच गेलेले. त्यामुळे विशीतिशीतच त्यांच्याकडे वयस्कांच्या भूमिका आल्या. १९६८च्या ‘चिटी चिटी बँग बँग’मध्ये ते डिक व्हॅन डाइकचे वडील झाले. प्रत्यक्षात हा बाप मुलापेक्षा सहा महिन्यांनी लहान होता!

जेफ्रीज यांचा विनोद डेव्हिड यांच्या अगदी उलट्या दिशेचा. ‘टू-वे स्ट्रेच’मधला तुरुंगाधिकारी किंवा ‘द राँग आर्म ऑफ द लॉ’मधला पोलीस इन्स्पेक्टर हे त्यांचे गाजलेले अंमलदार. अधिकाराचा ताठा भरलेले, मिशी फुरफुरवणारे आणि पीटर सेलर्सच्या टोळीकडून फजिती करून घेणारे. इंग्लंडचा विनोद वर्गव्यवस्थेतून येतो. वरच्या खुर्चीवरचा माणूस खाली पडला की प्रेक्षक खूश. आपल्याकडच्या घरगुती विनोदाला थोरांचं पडणं सोसत नाही. तिथे थोरांपैकीच कुणीतरी धाकट्यांच्या बाजूला यावं लागतं. दोन टकले, दोघांचं काम एकच, प्रेक्षकाला हसवणं. पण समाज वेगळा म्हणून एकाच्या वाट्याला गर्विष्ठ अंमलदार आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला प्रेमळ मामा. जेफ्रीज यांनी पुढे १९७०मध्ये ‘द रेल्वे चिल्ड्रन’ हा मुलांवरचा हळवा चित्रपट दिग्दर्शित केला. हशा पिकवणाऱ्यांना मुलांचं मन चांगलं कळतं, याची साक्ष दोघांच्याही कामात मिळते.

पडद्याबाहेरचे डेव्हिड

डेव्हिड यांनी लग्न केलं नाही. पण त्यांचं आयुष्य एकाकी नव्हतं. त्यांची वक्तृत्वाची ख्याती मोठी होती. फिल्मफेअर सोहळ्यांचं इंग्रजी सूत्रसंचालन त्यांनी अनेक वर्षं केलं. मोठमोठ्या ताऱ्यांची नावं पुकारायची, रटाळ भाषणांमध्ये प्राण फुंकायचा आणि कुणाचा अपमान न करता सभागृह हसवायचं, हे काम सोपं नाही.

दुसरी आवड अनेकांना चकित करेल. व्यायाम आणि कुस्तीच्या जगात ते रमत आणि भारोत्तोलनाचे आंतरराष्ट्रीय पंच म्हणून त्यांना मान होता. पडद्यावरचा गुबगुबीत म्हातारा आखाड्यातला जाणकार होता! विनोदाच्या अचूक वेळेसाठी शरीरावर ताबा लागतो. किती हलायचं आणि कधी थांबायचं हे शरीराला शिकवावं लागतं. त्यांच्या अभिनयातला ठेहराव या शिस्तीतून आला असावा, असं वाटल्याखेरीज राहत नाही.

१९६९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तोवर त्यांच्या समाजातली बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला निघून गेली होती. १९४८च्या सुमारास भारतात जवळपास वीस हजार बेने इस्रायल होते. पुढच्या दोन दशकांत गावंच्या गावं रिकामी झाली. डेव्हिड मुंबईतच राहिले आणि काम करत राहिले. चार दशकांत शंभरहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले. १९८१-८२च्या हिवाळ्यात, वयाच्या ७२व्या वर्षी, कॅनडात टोरांटो इथे त्यांचं निधन झालं.

मराठी कलावंतांच्या इतिहासात डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांना हक्काची जागा हवी. त्यांनी मराठी रंगभूमी गाजवली नाही म्हणून ती नाकारणं बरोबर नाही. मराठी समाज अनेक धर्मांचा, अनेक किनाऱ्यांवरून आलेल्या माणसांचा बनलेला आहे. त्यातल्या सर्वांत छोट्या समाजांपैकी एकातून आलेल्या या नटाने साऱ्या देशाला आपला चाचा, मामा, अंकल दिला. ज्याला जातधर्म न विचारता मुलं बिलगतात, असा वडीलधारा माणूस पडद्यावर विश्वसनीय करून दाखवणं हे त्यांचं योगदान आहे. विनोदी नटाचं मोजमाप सहसा हशांच्या संख्येवर होतं. डेव्हिड यांचं मोजमाप वेगळ्या निकषावर करावं लागेल : ते दृश्यात आले की समोरचा नट अधिक चांगला दिसू लागे आणि समोरचं पात्र अधिक धीट होई. सहाय्यक अभिनेता या पदवीचा यापेक्षा प्रामाणिक अर्थ फार थोड्यांनी जगून दाखवला आहे.